हीट नंबर सापडला पाहिजे: एका फौंड्रीचा वीस वर्षांचा डेटा क्लाउडवर नेताना

जुलै २०२१ मध्ये कोल्हापुरात पंचगंगेला दोन वर्षांत दुसऱ्यांदा महापूर आला. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी चढलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. ज्या फौंड्रीची ही हकिगत आहे तिचा कारखाना शिरोली एमआयडीसीत, कोरडा. पण ऑफिस शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरपासून हाकेच्या अंतरावर, आणि सर्व्हर तळमजल्यावर. पोरांनी तो जिन्यावरून खांद्यावर घेऊन वर नेला. वाचला, पण वीज नव्हती. बॅकअपच्या हार्ड डिस्क शिरोलीच्या कपाटात, आणि मधला रस्ता पाण्याखाली.

त्यातच चाकणच्या एका ग्राहकाचा फोन आला. एका कास्टिंगमध्ये तडा सापडलाय, अमुक हीटची टेस्ट सर्टिफिकेट आजच्या आज पाठवा. हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू; त्याचा नंबर कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, उठवलेला असतो. टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) होती, स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट होता, एक्स-रे होता, पण उघडायला काहीच चालू नव्हतं. चार दिवसांनी कागद गेला, तोवर ग्राहकाने त्या बॅचचा सगळा माल अडकवून ठेवला होता.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं होतं. तेव्हाही सर्व्हर असाच वर गेला होता आणि 'आता काहीतरी करायचं' असं तेव्हाही ठरलं होतं. या वेळी मालकांनी मला बोलावलं. मी कोल्हापुरातल्या कारखान्यांची नेटवर्क आणि डेटाबेसची कामं करतो. बैठकीत त्यांचं एकच वाक्य होतं, "पाणी परत येणारच, तेव्हा सर्व्हर उचलायला लागू नये."

मोजणीत वेळ घातला, तो वाया गेला नाही

जून २०२२ मध्ये काम सुरू केलं. पहिले तीन आठवडे एकही फाईल हलवली नाही, फक्त मोजत होतो. एकूण ११ टीबी. त्यात ईआरपीचा, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार ज्यावर चालतो त्या प्रोग्रॅमचा, एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस जेमतेम १८० जीबी. बाकी सगळ्या फाइली: पॅटर्नची आणि कास्टिंगची कॅड ड्रॉइंग, धातू साच्यात कसा भरतो याच्या सिम्युलेशनचे निकाल, रेडिओग्राफीच्या इमेज, स्कॅन केलेल्या टीसी, आणि लॅबचे रोजचे छोटे छोटे रिपोर्ट.

ऑफिसची लाइन १०० एमबीपीएसची. पूर्ण वेगाने चालली तर तासाला ४५ जीबी, म्हणजे दिवसाला एक टीबीच्या किंचित वर. प्रत्यक्षात सत्तर टक्के मिळाले तरी नशीब. फक्त रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत पाठवायचं म्हटलं तर रात्रीला अडीचशे जीबी, आणि ११ टीबीला चव्वेचाळीस रात्री. डेटा भरून पाठवायची पेटी मागवण्याचाही विचार केला. ॲमेझॉनची स्नोबॉल किंवा मायक्रोसॉफ्टची डेटा बॉक्स अशी उपकरणं तेव्हा त्यासाठीच असायची. आपल्या जागी आणायची, भरायची, परत पाठवायची. पण ती तेव्हा ८० टीबीच्या मापाची. आमच्या कामाला ते म्हणजे दोन पोती गुळासाठी ट्रक लावण्यासारखं होतं. आणि मोजणीतच कळलं, की ११ टीबी खरे ११ नाहीत.

प्रत्येक फाइलीचा चेकसम काढला. चेकसम म्हणजे फाइलीच्या आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा. मजकूर जसाच्या तसा असेल तर ठसाही तोच. चार टीबी निव्वळ दुबार निघाले. २०१९ च्या पुरात घाईघाईने सगळे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर ओतले होते, पाणी ओसरल्यावर ते परत सर्व्हरवर आले, आणि २०२१ ला त्या सगळ्याची पुन्हा कॉपी झाली. 'पूर बॅकअप', 'पूर बॅकअप नवीन', 'पूर फायनल'. भीतीपोटी घेतलेल्या कॉप्या होत्या त्या, कुणाला दोष द्यावा असं त्यात काही नाही.

इथे एक निर्णय घेतला आणि तो पुढे फार उपयोगी पडला. नाव सारखं म्हणून एकही फाईल काढली नाही. ठसा सारखा असेल तरच एक ठेवली, आणि ती मूळ किती ठिकाणी होती त्या सगळ्या जागा एका तक्त्यात लिहून ठेवल्या. सात टीबी उरले.

क्लाउड म्हणून ॲमेझॉनचं मुंबई केंद्र घेतलं. ते २०१६ पासून आहे. भारतातलंच केंद्र घेण्याला कायद्याचंही कारण होतं. कंपनी कायद्याच्या लेखाविषयक नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो, आणि आमचं काम चालू असतानाच, ऑगस्ट २०२२ मध्ये, तो रोजच्या रोज हवा अशी दुरुस्ती आली. हिशेब आठ आर्थिक वर्षं जपायचे. गाड्यांचे भाग करणाऱ्यांना तर आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक लागू: तो भाग उत्पादनात किंवा सर्व्हिसला चालू असेपर्यंत आणि वर एक कॅलेंडर वर्ष पार्ट ॲप्रूव्हलचे रेकॉर्ड ठेवायचे. ट्रॅक्टरचा एखादा भाग वीस वर्षं चालतो. म्हणजे 'जुनं आहे, टाकून देऊ' हे वाक्य इथे म्हणताच येत नाही.

रात्र मोकळी नसते

आमच्या धंद्यात सवय आहे, मोठं काम रात्री लावायचं, सकाळी येऊन बघायचं. ऑगस्टमध्ये मी तसंच केलं. डेटासिंक हे ॲमेझॉनचं साधन फाइली समांतर पाठवतं, पोहोचलेलं मूळ फाइलीशी ताडून बघतं, अधेमधे लाइन गेली तर उरलेलं पुढच्या फेरीत उचलतं. रात्री दहाला चालू केलं आणि घरी गेलो.

साडेबाराला फोन. मेल्टिंगचा सुपरवायझर होता. "साहेब, ॲप्रूव्हल येईना झालंय. भट्टी धरून बसलोय."

मी गाडी काढून शिरोलीला गेलो. त्या काळी उच्चदाब ग्राहकांना रात्री १० ते सकाळी ६ विजेच्या दरात सवलत असायची, म्हणून इंडक्शन भट्ट्या रात्रीच जोरात चालायच्या. भट्टीतून चमचाभर रस काढून नाण्यासारखा नमुना ओततात, तो घासून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात, कार्बन-सिलिकॉन-मँगनीजचे आकडे येतात, ते ईआरपीत भरले की हिरवा ॲप्रूव्हल मिळतो आणि मग लॅडल, म्हणजे रस वाहून नेणारं भांडं, पुढे सरकतं. ईआरपी शाहूपुरीच्या सर्व्हरवर, आणि तिथली लाइन माझ्या फाइलींनी भरून टाकलेली. स्क्रीनवर चक्र फिरत होतं. भट्टीत चौदाशे अंशांच्या वरचा रस तसाच धरून ठेवलेला. जास्त वेळ धरला की कार्बन जळतो, ग्रेड बिघडते, विजेचं मीटर पळतं ते वेगळंच. मी कॉपी थांबवली. अर्ध्या मिनिटात स्क्रीन हिरवा झाला आणि सुपरवायझर काही न बोलता लॅडलकडे गेला.

चूक माझी होती. कारखान्याला त्याची रात्र कशी असते हे मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वीजबिल, शिफ्टचा तक्ता आणि लाइनचा वापर शेजारी शेजारी ठेवून वेळा ठरवल्या. डेटासिंकला वेगाची मर्यादा घालता येते. रात्री १५ एमबीपीएस, ऑफिसच्या वेळेत ५०, सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ६ ते १० या वेळेत ८०. असं रोज साडेतीनशे जीबीच्या आसपास गेलं. सात टीबीला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत भट्टीवरून एकही फोन आला नाही.

चौदा लाख चिठ्ठ्या

मोठ्या फाइलींनी मुळीच त्रास दिला नाही. एस३ मध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या फाइली ठेवायच्या कोठारात, मोठी फाईल तुकड्यांनी जाते, एक तुकडा अडकला तर तेवढाच परत पाठवायचा. दमवलं ते लॅबच्या छोट्या रिपोर्टांनी. वीस वर्षं, वर्षाला तीनेकशे दिवस, दिवसाला दोन-सव्वादोनशे: स्पेक्ट्रो, वाळूची परीक्षा, हार्डनेस, चलनाचे स्कॅन. चौदा लाख फाइली, सरासरी पंधरा केबीच्या. सगळ्या मिळून २१ जीबी, म्हणजे अर्ध्या तासाचा माल. पण प्रत्येक फाइलीमागे उघडा, जोडणी करा, पाठवा, पोच घ्या यात पाव सेकंद गेला तरी एकामागून एक पाठवताना चार दिवस होतात.

वेळेपेक्षा पैशाची गोष्ट मोठी होती. कमी वापराच्या डेटासाठी एस३ चा जो स्वस्त वर्ग आहे, त्यात १२८ केबीपेक्षा लहान फाइलीचंही बिल १२८ केबीचं लागतं. पंधरा केबीच्या चिठ्ठीला साडेआठपट भाडं. त्याहून स्वस्त, डीप आर्काइव्ह, तिथे किमान १८० दिवसांचं भाडं द्यावंच लागतं आणि फाईल परत मागितली की बारा तासांपर्यंत थांबायचं. ऑडिटर समोर बसलेला असताना बारा तास म्हणजे नापासच. तिथे फक्त जुन्या सिम्युलेशनचे निकाल टाकले, जे कुणी वर्षानुवर्षं उघडत नाही.

अलीकडच्या तीन वर्षांचे रिपोर्ट सुटे ठेवले. त्याआधीच्यांची दिवसाला एक झिप केली आणि कुठल्या हीटचा कागद कुठल्या झिपमध्ये कुठल्या नावाने आहे, याची सूची डेटाबेसमध्ये भरली. पाच हजारांच्या आसपास झिप, एकेक साडेतीन एमबीची. ही सूची हाताशी नसती तर त्या झिप म्हणजे नुसती बांधून ठेवलेली गाठोडी झाली असती.

जुन्या फॉन्टातली माणसं

२००२ ते २०१४ या काळातला डेटा एका जुन्या प्रोग्रॅममधून ईआरपीत आणलेला होता. त्यात कामगारांची नावं आणि इन्स्पेक्टरचे शेरे मराठीत, पण युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमधले. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या ऑफिसात हे सापडेल. त्या फॉन्टात साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली मराठी अक्षरांची चित्रं. फॉन्ट काढला की 'शिरोली'च्या जागी कंस, टक्के आणि डॉलरची रांग.

तक्ता लावून रूपांतर करता येतं, पण अक्षराला अक्षर लावून भागत नाही. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं उलटं: 'दुर्गा'तला रफार तिथे 'गा'च्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. हे नियम लावून दोन लाख नोंदी बदलल्या आणि चाचणीत एक कामगार दोनदा दिसला. आडनाव कुऱ्हाडे. दोन्ही ठिकाणी डोळ्यांना हुबेहूब तेच, आणि संगणक म्हणतो ही दोन माणसं आहेत. तो आडवा 'ऱ्ह' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकदा खाली टिंब असलेल्या 'ऱ' अक्षराने, आणि एकदा साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. आमचं रूपांतर एक पद्धत वापरत होतं, हल्लीचे कीबोर्ड दुसरी. सगळं एका पद्धतीवर आणलं आणि शोधाच्या खिडकीतही तोच नियम बसवला.

आणखी एक अडचण लांबीची. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१९ च्या आवृत्तीपासून व्हारचार या साध्या मजकुराच्या रकान्यात यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवायची एक पद्धत, वापरता येते, म्हणून आधी तेच केलं. पण तिथे रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. 'कोल्हापूर' या शब्दात नऊ चिन्हं, सत्तावीस बाइट. गावाचा रकाना पंचवीसचा! कोल्हापूरच्या फौंड्रीच्या डेटात कोल्हापूर मावेना. एनव्हारचार, म्हणजे खास युनिकोडसाठीचे, रकाने केले आणि मग ते सरळ बसलं.

यात मी जरा जास्त वेळ घालवला असं मालकांच्या दिवाणजींचं मत होतं. पण ज्या माणसाने २००६ साली भट्टीसमोर उभं राहून ती हीट पास केली, त्याचं नाव कंस-टक्के-डॉलर होऊन पुढे जावं हे मला पटत नव्हतं.

वीस कास्टिंगांची परीक्षा

सप्टेंबरअखेर डेटासिंकचा अहवाल आला: सगळ्या फाइली पोहोचल्या, सगळ्या ताडून बघितल्या, चुका शून्य. मी तो छापून क्वालिटीच्या काकांपुढे ठेवला. तीस वर्षं त्याच लॅबमध्ये काढलेला माणूस. त्यांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "ते बरं झालं. आता मला कागद काढून दावा."

मला घेऊन यार्डात गेले. परत आलेले, नमुन्याला ठेवलेले, वर्षानुवर्षं पडून असलेले कास्टिंग तिथे रचलेले असतात. काकांनी वायर ब्रश मागवला, एकेक कास्टिंग घासून त्यावरचा उठावाचा हीट नंबर वाचला आणि वहीत लिहिला. वीस नंबर. "प्रत्येकाची टीसी, स्पेक्ट्रो आणि ड्रॉइंग. दहा मिनिटं एकाला."

तेरा सापडले.

सातांपैकी चारांचं कारण हीट नंबरच. जुन्या प्रोग्रॅममध्ये दर एप्रिलला हीट एकपासून सुरू व्हायची. १०४७ नंबरची हीट दर वर्षी नव्याने झालेली. फोल्डर वर्षाचे होते तोवर ते चालून जात होतं, सूचीत सगळे एकत्र आले आणि एकाची टीसी दुसऱ्याला जाऊन बसली. नंबराला आर्थिक वर्ष जोडून सूची नव्याने केली. दोनांचं कारण जुने पत्ते. ईआरपीत प्रत्येक टीसीचा पत्ता म्हणून जुन्या सर्व्हरच्या 'ई' ड्राइव्हचा मार्ग लिहिलेला, असे तीन लाखांवर. नवीन पत्ते लावून देणारी आमची आज्ञा काही जुने फोल्डर गाळून पुढे गेली होती.

दुसऱ्या फेरीत वीसपैकी एकोणीस. विसावं होतं २००९ चं एक हाउसिंग. फाईल सापडली, उघडली, आत काही नाही. शून्य बाइट. जुन्या सर्व्हरवर बघितलं, तिथेही शून्य. केव्हातरी डिस्क खराब झाली असेल, वीज गेली असेल. ताडणीचा अहवाल खोटा नव्हता: रिकामी फाईल जशीच्या तशी रिकामी पोहोचली होती.

मग तो दुबार फाइलींचा तक्ता आठवला. नाव तेच, पण ठसा वेगळा अशा फाइली आम्ही काढल्या नव्हत्या. शोधलं. २०१९ च्या 'पूर फायनल' फोल्डरमध्ये त्याच नावाची फाईल, २१२ केबीची. उघडली. टीसी, सही-शिक्क्यासकट. काकांनी स्क्रीनवर बोट ठेवून रासायनिक आकडे वाचले आणि म्हणाले, "ही माझी सही."

त्यानंतर शून्य बाइटच्या सगळ्या फाइलींची यादी काढली. चारशेच्या आसपास होत्या. निम्म्याहून जास्त त्या पुराच्या फोल्डरांतून परत मिळाल्या. उरलेल्यांची नावं वेगळ्या तक्त्यात 'हरवलेलं' म्हणून लिहून ठेवली, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर खरं सांगता येईल.

दिवाळीत बदल

डेटाबेस हलवायला कारखाना पूर्ण बंद हवा, आणि तो फक्त दिवाळीत असतो, जेव्हा भट्टीचं अस्तरही नवीन घालतात. २०२२ ला लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला, दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण, पाडवा २६ ला. पूर्ण बॅकअप आधीच्या आठवड्यात वर पाठवून मुंबईच्या आरडीएसवर (ॲमेझॉनच्या डेटाबेस सेवेवर) अर्धवट उघडा ठेवला होता. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ईआरपी बंद केली आणि मधल्या काळातला फरक तेवढा पाठवला. दिवाणजींनी वहीपूजनाला नवीन सर्व्हरवरूनच पहिलं व्हाउचर करायचा आग्रह धरला. झालं.

पाडव्यानंतर कळलं की ईआरपीचे स्क्रीन जड झालेत. एक स्क्रीन उघडताना प्रोग्रॅम डेटाबेसला दोनशे वेळा विचारतो. एकाच इमारतीत ते जाणवत नव्हतं, मुंबईला एकेका फेरीला पंधरा मिलिसेकंद धरले तरी तीन सेकंद. प्रोग्रॅमच क्लाउडमधल्या मशीनवर ठेवला आणि इकडून फक्त पडदा बघायचा असं केलं. दुसरी इंटरनेट लाइन वेगळ्या रस्त्याने घेतली. आणि भट्टीचा ॲप्रूव्हल मात्र लॅबच्या संगणकावरच ठेवला. लाइन असो नसो, रस थांबता कामा नये. तो नंतर वर जाऊन मिळतो.

जुना सर्व्हर फेब्रुवारी २०२३ पर्यंत फक्त वाचण्यापुरता चालू ठेवला. तोवर कुणी तो एकदाही उघडला नाही, हे लॉगमध्ये बघूनच बंद केला. काका दर महिन्याला यार्डातून पाच नंबर आणतात आणि नवीन पोरांकडून कागद काढून घेतात. ती पद्धत त्यांनीच पाडली.

एक काम राहिलंय. पॅटर्न शॉपच्या खणांत ट्रेसिंग पेपरवरची हाताने काढलेली ड्रॉइंग आहेत, काही कोल्हापूरच्या उद्यमनगर या जुन्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडपासूनची. ती दर शनिवारी स्कॅन होतात. अडचण अशी की त्यांवर पेन्सिलीने लिहिलेले आकडे इंचात आणि सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आहेत, आणि ते कशाबद्दल आहेत हे फक्त जुन्या मिस्त्रींना कळतं. म्हणून स्कॅनिंगला आता ते स्वतः येऊन बसतात. कागद खिडकीच्या उजेडाकडे धरतात आणि पोराला सांगतात, "लिही. हितं दोन सूत वाढवलंय, कास्टिंग आकसून कमी पडत होतं म्हणून." पोरगा ते ड्रॉइंगच्या नोंदीसमोर टाइप करतो. साडेतीनशे झालीत, खणात अजून तेवढीच असतील.